बाबांच्या देखत फोडलेली लाकडं

सन १९३१. मी तेव्हा बावीस वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण कोण काय लपवतो ते मला तेव्हाही कळायचं, आजही कळतं.

मिरकरवाड्याच्या बंदरात मी होडीवर कामाला होतो. वैशाखात थोरल्या भावाचा निरोप आला, बाबांचं काही खरं नाही, निघून ये. खाडी उतरून दुपारी पावसला पोचलो, तर घरामागून कुऱ्हाडीचा आवाज. परसातला जुना रायवळ आंबा आडवा पाडलेला. दादा ओंडके फोडतोय आणि वहिनी मातीतल्या कैऱ्या ओच्यात भरतेय. रडणं नाही, काही नाही. सरणाला आंब्याचं लाकूड लागतं, हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही.

"गेले?" मी विचारलं.

"पेज प्यायले आत्ताच," वहिनी म्हणाली. "तुम्ही जेवणार ना, भाऊजी?"

म्हणजे माणूस आत पेज पितोय आणि बाहेर ही तयारी! "एवढी कसली घाई रे दादा? बाबांची बाग लवकर नावावर हवी?"

"आत जाऊन त्यांनाच विचार," म्हणाला, आणि पुढचा घाव घातला.

बाबा पडवीत बाजेवर होते. नुसती हाडं उरलेली. मला बघून बरं वाटल्याचं काही दिसलं नाही.

"मीच तोडायला सांगितलं," म्हणाले. "तुझ्या आयशीला भर पावसात ओली लाकडं घातली. दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत होती. विसरलास? माझं तसं नको. मिरगाचा पाऊस लागायच्या आत वाळली पाहिजेत."

"हे तुम्हांला पढवलं कोणी?"

"मेल्या, मला कोण पढवणार?" थोडा वेळ ते कान देऊन ऐकत राहिले. "घाव बोथट पडतोय. धार लाव म्हणावं त्याला." आणि भिंतीकडे वळले.

तरी माझा विश्वास बसेना. संध्याकाळची पेज मी आधी स्वतः चाखली, मग त्यांना पाजली. वहिनीने ते बघितलं. पेजेत मीठ बेताचं होतं, दुसरं काही नव्हतं.

'माझं चुकलं' असं मी दादाला त्या दिवशी म्हटलं नाही, पुढेही कधी नाही. पण बापाचं सरण एकट्या थोरल्याने फोडलं, असं गावात कुणी म्हणायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठायच्या आत मी कुऱ्हाड दगडावर घासून घासून धारदार केली आणि उरलेला बुंधा फोडायला घेतला.