चौथ्या पिल्लाचा पाय

माझ्या मुलीला सातवा महिना लागला आणि आमच्या घरात बदकांचा शोध सुरू झाला.

बदकं म्हणजे खरी नव्हेत, भरतकामातली. पुढे आई-बदक, मागे चार पिल्लं, आणि शेवटचं पिल्लू मान वळवून मागे बघतंय. माझ्या जन्माआधी आईने ही वरात बाबांच्या जुन्या धोतराच्या दुपट्यावर भरली होती. त्या दुपट्यात आधी मी गुंडाळली गेले, मग माझा भाऊ, आणि पुढे ह्याच भावाने त्याच दुपट्याने स्कूटर पुसून पुसून त्याच्या चिंध्या केल्या. आईने त्याला अजून माफ केलेलं नाही. त्या शेवटच्या पिल्लाला एकच पाय होता. लहानपणी मी विचारलं की आई म्हणायची, "लंगडी खेळतंय ते. झोप आता."

पणतवंड येणार म्हटल्यावर आईने जाहीर केलं, "दुपटं मी भरणार. आणि तीच बदकं भरणार." आई ऐंशीच्या घरात. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्या डोळ्याबद्दल डॉक्टर नीट काही बोलत नाहीत. "एवढं एक होऊ दे," ती म्हणाली, "मग सुई ठेवून देईन." आईने सुई ठेवायची म्हणजे काय! म्हटलं, आकाशपाताळ एक करीन, पण ही बदकं आणीन.

मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "त्यात काय एवढं? नेटवर ढिगाने पॅटर्न असतात. व्हिंटेज लिही आणि पुढे फ्री लिही."

आईचे कान मात्र शाबूत आहेत. तिने विचारलं, "व्हिंटेज म्हणजे?"

"जुनं, पण भाव असलेलं."

"आणि फ्री?"

"फुकट."

"मग जुनं आणि फुकट तर मीच आहे की ह्या घरात. भाव तेवढा नाही."

ह्यावर आमचे हे पेपरमागे हसले. त्यांना हसायला काय जातंय! मोबाइल घेऊन बसायचं होतं मला. फुकट म्हणणाऱ्या जागांवर काही फुकट नसतं हे मला पहिल्याच दुपारी कळलं. एक बदक उघडायला गेलं की आधी वजन कमी करायचं औषध उघडायचं, मग कुणीतरी मला बक्षीस लागल्याचं सांगायचं, आणि शेवटी बदकाच्या पायाशी कार्डाचा नंबर मागायचे. बदकं मिळाली नाहीत असं नाही. मेली शेकड्याने मिळाली. पण सगळी साहेबी. कुणाच्या डोक्यावर हॅट, कुणाच्या पंखाखाली छत्री, एकाच्या पायात गमबूट. एवढ्याशा बदकाला गमबूट कशाला हवेत, ते पाण्यातच राहतं ना?

त्यातल्या त्यात साधं, नुसती हॅट घातलेलं एक निवडून मी झेरॉक्सवाल्याकडे छापायला गेले. त्याने ते "फिट टू पेज" केलं आणि अख्ख्या कागदावर एकच पिल्लू आलं, चांगलं कोंबडीएवढं. मी चिडले. तो म्हणाला, "मॅडम, शाळेच्या भिंतीसाठीच ना?"

आईने तो कागद चष्मा वर करून बघितला, चष्मा खाली करून बघितला. माझी आई सटाण्याची. एरवी अगदी पुस्तकी बोलते, पण पारा चढला की माहेरची बोली बाहेर येते. हॅटवाल्या बदकाचा कागद पुढे धरून ती म्हणाली, "हाई काय बदक शे? हाऊ ते कलेक्टर शे!"

मी कपाळाला हात लावला. पुढे आठवडाभर हेच चाललं. हे बदक चिडलेलं आहे, ह्याची मान म्हणजे बगळा, हे पिल्लू आपल्या आईकडे बघतच नाही, कसले संस्कार. एका संध्याकाळी मी मोबाइल आदळलाच. "आई, तुझी बदकं जगात एकाच ठिकाणी उरलीत, आणि ते ठिकाण तुलाही माहीत आहे आणि मलाही."

आई एकदम तांदूळ निवडायला लागली. तांदूळ निवडलेलेच होते.

ते ठिकाण म्हणजे दोन गल्ल्या पलीकडचं काकूंचं घर. माझ्या जन्माच्या वेळी आम्ही नाशिक रोडला एकाच इमारतीत भाड्याने राहायचो. खाली आम्ही, वर काकू. त्यांचे यजमान एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, म्हणून आईच्या तोंडी त्यांचं नाव कायमचं 'ती एकलहऱ्याची'. काकूंच्या मुलाचा जन्म माझ्या आधी दोनेक महिन्यांचा, आणि त्याच्याही दुपट्यावर हीच बदकं. मी रांगायला लागले तेव्हा महिला मंडळाच्या प्रदर्शनात दोन्ही दुपटी शेजारी शेजारी टांगली गेली. आई सगळ्यांदेखत म्हणाली, "माझा नमुना चोरला हिने!" काकू काही न बोलता आपलं दुपटं काढून घेऊन गेल्या. बक्षिसाचा स्टीलचा डबा आईला मिळाला. तेव्हापासून बोलणं बंद, ते आजतागायत. भाजीबाजारात समोर आल्या तर दोघी एकाच वेळी कोथिंबिरीकडे बघायला लागतात.

नमुना चोरणं तेव्हा नवीन नव्हतं म्हणा. सरळ मागितला तर बायका "देते हं" म्हणायच्या आणि जन्मात द्यायच्या नाहीत. मग हळदीकुंकवाला गेलं की अर्धं लक्ष वाणाकडे आणि अर्धं उशीच्या अभ्र्यांकडे. चोरायची रीतही ठरलेली. भरलेल्या कापडावर पातळ कागद पसरायचा, स्टीलच्या वाटीचं बूड आपल्या तेल लावलेल्या केसांवर घासायचं आणि ते कागदावर फिरवायचं. खालचे टाके उंच असतात, त्यामुळे तेवढीच नक्षी कागदावर काळपट उमटते. ना पैसा, ना कार्ड, ना गमबूट.

"मी डोहाळजेवणाचं आमंत्रण द्यायला काकूंकडे जातेय," मी म्हटलं. "दुपटं दाखवा म्हणेन. तू येऊ नकोस."

"त्या घराची पायरी मी चढणार नाही," आई म्हणाली, आणि मी चपला घालेपर्यंत इरकली नेसून, पर्स काखोटीला मारून दारात उभी. "तू एकटी गेलीस तर नको ते बोलून बसशील."

काकूंनी दार उघडलं. पांढऱ्या केसांचा चापूनचोपून घातलेला अंबाडा, कपाळाला तेलाची चमक. आईला बघून त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "या," आणि ते मला म्हणाल्या की तिला, ते कळू दिलं नाही. मी आमंत्रण दिलं, इकडचं तिकडचं बोलले आणि दुपट्याचं विचारलं. काकूंनी कपाट उघडून, डांबरगोळ्यांच्या वासासकट, ते माझ्या हातात दिलं. "बघ. मी चहा टाकते."

दुपटं उलगडलं. अगं बाई! तीच बदकं, तीच मान वळवलेली. मी मोबाइल काढला, तोच आईने माझ्या हातावर चापट मारली. "फोटोत बदक वाकडं येतं. मापही कळत नाही." आणि पर्समधून काय काढावं तिने? वाटी. आणि घडी घातलेला पातळ कागद. म्हणजे बाई घरूनच तयारीने आली होती!

"आई, काकू आत आहेत!"

"म्हणून तर म्हणते, डोकं पुढे कर."

मी टीपॉयवर दुपटं पसरलं, आईने माझ्या टाळूवर वाटी घासली आणि कागदावर फिरवली. काही नाही. पुन्हा घासली. कागद कोरा. मी सकाळीच शाम्पू केला होता. "केस आहेत की झाडू?" आई कुजबुजली. तिने स्वतःच्या डोक्यावर घासून बघितलं, तर डोळ्याच्या ऑपरेशनपासून तिचंही तेल बंद. घरी तरी कुणाचं डोकं होतं? ह्यांच्या डोक्यावर केसच नाहीत. आई पुन्हा माझ्या टाळूवर वाटी रगडायला लागली, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात माझं लक्ष चौथ्या पिल्लाकडे गेलं.

त्याला दोन पाय होते.

"आई," मी म्हटलं, "हे लंगडी खेळत नाहीये."

आईची वाटी थांबली. आणि मागून आवाज आला, "तेल लावलं नाहीस का गं पोरीला?"

काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, देव जाणे. त्यांनी ट्रे ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "तेव्हा लावलं होतंस. गच्चीत वाळत घातलेलं माझं दुपटं मी काढलं, तर त्यावर माक्याच्या तेलाचा हा एवढा डाग. त्या इमारतीत माक्याचं तेल एकटी तूच लावायचीस."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा!" आईने माझ्याकडे असं बघितलं की मी चहाचा कप उचलला.

आईने वाटी टीपॉयवर ठेवली. मग म्हणाली, "घाई झाली. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली. दुपट्याला घडी पडली होती, त्या घडीत त्याचा एक पाय राहिला." आणि मग, खाली बघत, "प्रदर्शनात दोन्ही शेजारी टांगलेली बघितली आणि घाबरले. वाटलं, तू बोलशील. म्हणून मीच आधी बोलले."

"मी कशाला बोलले असते? तुझे दिवस भरत आलेले तेव्हा. कुणाला चिंचा चोराव्याशा वाटतात, हिला बदकं चोरावीशी वाटली. डोहाळ्याला का कुणी नाही म्हणतं?" काकूंचा आवाज इथपर्यंत ठीक होता. पुढे तो हलला. "बदकांचं मला काही नव्हतं गं. चारचौघींत चोर म्हणालीस, ते फार लागलं."

"चुकलं माझं," आई म्हणाली. माझ्या उभ्या आयुष्यात हे शब्द मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकले. माझ्या लग्नात हॉल चुकीच्या तारखेचा बुक झाला, तेव्हासुद्धा नव्हती म्हणाली.

काकूंनी पदराने नाक पुसलं. मग खुर्ची पुढे ओढली, आईसमोर बसल्या आणि डोकं खाली केलं. "घे. माझ्या डोक्यावर घास. सकाळीच लावलंय."

आईने वाटी उचलली, पण हात पुढे जाईना. काकू खाली बघतच म्हणाल्या, "घास की. मान अवघडली माझी." मग आईने हळूच, देवाला अंघोळ घालावी तशी, त्यांच्या पांढऱ्या केसांवरून वाटी फिरवली. कागदावर आई-बदक उमटलं, पहिलं पिल्लू, दुसरं, तिसरं. चौथं दोन्ही पायांसकट. चहा पार गार झाला होता, तरी दोघी तो प्यायल्या, आणि पिता पिता तिसऱ्याच एका शेजारणीची निंदा सुरू झाली. मी निश्चिंत झाले.

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी आईने दुपटं माझ्या हातात दिलं. एका डोळ्याने भरलेलं, पण टाका कुठे हललेला नाही. मी बघत बघत शेवटच्या पिल्लाशी आले आणि ओरडले, "आई! अगं पुन्हा पाय राहिला!"

"राहिला नाही. ठेवलाय." तिने दोऱ्याची नारिंगी लडी आणि सुई दुपट्यात खोचली, ते बक्षिसाच्या स्टीलच्या डब्यात घातलं आणि झाकण दाबून बसवलं. "तिच्याकडे नेऊन दे. तो पाय तिचा आहे, तो तिनेच घालायचा. आणि सांग, डबाही तिचाच."

मी नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी काकू दुपटं घेऊन आल्या तेव्हा चौथ्या पिल्लाला दुसरा पाय होता. थरथरत्या हाताने घातलेला, पहिल्यापेक्षा चांगला बोटभर मोठा. आईने तो चष्मा वर करून बघितला, चष्मा खाली करून बघितला.

"पाय मोठा झालाय," ती म्हणाली.

"इतकी वर्षं चालत आलंय ते," काकू म्हणाल्या. "मोठा होणारच."