इंजिनावरचं कुंकू

ती केस आठवली नाही असा आठवडा जात नाही, आणि आठवली की आधी राग येतो. गॅरेजच्या मालकाचा येतो, तपास अधिकाऱ्याचा येतो; पण सगळ्यात जास्त स्वतःचा. आठ वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. आज सगळ्यांना सांगतो, कुणाचंही नाव न घेता.

वीस वर्षं महाराष्ट्र पोलिसात काढून निरीक्षक असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. बायको पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होती. कंपनीनं तिला तोक्योला पाठवलं, मी मागोमाग गेलो. तोक्योतल्याच फुनाबोरी भागात आम्ही राहायला होतो; तिथं तेव्हा सारखी नवी मराठी बिऱ्हाडं येत होती. जपानी मी पुण्यातच शिकलो होतो, म्हणून तिथल्या पोलिसांनी दुभाष्यांच्या यादीत माझं नाव घेतलं.

"तू भाषांतर करायला जातोस की आरोपी फोडायला?" बायको विचारायची. मी हसून सोडून द्यायचो.

प्रकरण एका जुन्या अमेरिकन पिकअपचं होतं. जपानमध्ये अशा गाड्या जिवापाड जपणारे शौकीन आहेत. एका निवृत्त दंतवैद्यानं आपल्या पिकअपमध्ये बसवायला अमेरिकेतून एक बिग-ब्लॉक इंजिन मागवलं: आठ सिलिंडरचं, अवजड, आता शोधूनही न मिळणारं. चिबाच्या बाजूच्या एका गॅरेजनं ते खोललं, नव्यासारखं केलं आणि बसवून दिलं. महिनाभरानं म्हातारबा ठाण्यात हजर. चढावर गाडी दमते, हे माझं इंजिन नव्हे! त्यांचं खरं होतं. आत बसवलेलं इंजिन साधं होतं. रंग तोच, पण ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरचा, नंबर घासून नवा ठोकलेला.

त्याच आठवड्यात ठाण्यात निनावी फोन आला की गॅरेजमधला भारतीय कारागीर व्हॅनमधून माल बाहेर नेतो. कारागिराच्या पेटीत नंबर ठोकायचे पोलादी पंच सापडले. त्याला अटक झाली आणि मला बोलावणं आलं.

खबर आली की आधी खबर देणाऱ्याकडे बघावं, हे मी नव्या फौजदारांना घसा फोडून सांगत असे. त्या दिवशी मीच विसरलो.

कारागीर कोल्हापूरचा, पस्तिशीचा. वडिलांचं इंजिन रिबोअरिंगचं वर्कशॉप. बायको आयटीत, हा तिच्या व्हिसावर आलेला, माझ्यासारखाच. गॅरेजमध्ये अरुबाइतो करायचा, म्हणजे ठरावीक तासांचं काम. दोषी ठरला तर व्हिसा संपला, बायकोची नोकरीही संपल्यात जमा. समोर बसलेल्या त्या माणसात मला मी दिसलो, आणि ते मला आवडलं नाही.

पहिल्याच मिनिटाला मी त्याला सांगून टाकलं की मी पोलिसात होतो. काही गरज नव्हती. तो लगेच ताठ बसला आणि मला साहेब म्हणायला लागला.

"साहेब, इंजिन गॅरेजच्या मालकानंच काढून नेलंय. मी दुसऱ्या दिवशी आलो तर स्टँडवर भलतंच हुतं. इचारलं तर म्हणाला, आपलं काम बघ."

हे मी जपानीत नीट सांगितलं. अधिकारी लिहीत राहिला.

"आन् साहेब, खऱ्या ब्लॉकवर कुंकू हाय. खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली तवा त्याला पाच बोटं लावलीत. इंजिन बसतंय त्या माउंटवरच्या खाचंत. वरनं लॅकरचा हात मारलाय, जायाचं न्हाई. कुठंबी सापडू दे, वळखू येतंय."

अधिकाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतो, त्सुयाकु-सान?" त्सुयाकु म्हणजे दुभाषी.

आता माझ्या डोक्यात काय आलं ते लिहितो. या स्वच्छ खोलीत, या इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसाला मी काय सांगणार होतो? आमचे लोक इंजिनाला कुंकू लावतात? हळद, झेंडू, हात जोडणं, सगळं समजावत बसू? आधीच आपल्या माणसानं चोरी करून नाव घालवलंय. लाज वाटली मला. खंडेनवमीला मी स्वतः ठाण्यातल्या रायफलींना हळदकुंकू वाहत आलो होतो, एकाही वर्षी चुकवलं नव्हतं. तरीही लाज वाटली.

"धर्माचं काहीतरी बोलतोय," मी म्हणालो. "केसशी संबंध नाही."

त्या काळी चौकशीचं ध्वनिमुद्रण होत नसे. खोलीत मराठी कळणारे आम्ही दोघेच.

पुढचे दहा दिवस तेच प्रश्न. अकराव्या दिवशी अधिकारी फोन घ्यायला बाहेर गेला आणि मी माझ्या जुन्या आवाजात बोललो. "हे बघ, इथं कबूल केलं की शिक्षा हलकी होते. नाही म्हणत बसशील तर बायकोलाही बोलावतील. सही कर, मोकळा हो." बायकोला बोलावणार असं कुणीही म्हटलं नव्हतं. हे मी मनचं घातलं.

"पर साहेब, ते कुंकवाचं सांगितलं न्हवं त्यास्नी?"

"सांगितलं. त्यांना पटलं नाही."

त्यानं सही केली, बोटाचा ठसा दिला. सरकारनं दिलेल्या वकिलापुढेही त्यानं कुंकवाचं पुन्हा काढलं नाही; पटलं नाही हे माझं सांगणं त्यानं खरं धरलं होतं. शिक्षा झाली ती तहकूब ठेवली, पण व्हिसा वाढवून मिळाला नाही. दोघं कोल्हापूरला परतली.

पुढल्या वसंतात समुद्राकाठी जुन्या अमेरिकन गाड्यांचा मेळा भरला. मी मुद्दाम गेलो. कुंकवाचं ते वाक्य मला चैन पडू देत नव्हतं. ओसाकाहून आलेला एकजण आपल्या पिकअपचं बॉनेट उघडून लोकांना इंजिन दाखवत होता. बिग-ब्लॉक. कुठं बसवून घेतलं, मी विचारलं. त्यानं अभिमानानं त्याच गॅरेजचं नाव सांगितलं. मी वाकलो. माउंटवरच्या खाचेत पाच बोटं होती. लाल, लॅकरखाली चकचकीत.

मी दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. अधिकाऱ्यानं इंजिन तपासायला लावलं. ठोकलेला नंबर घासता येतो, पण ओतकामातच उठवलेले आकडे घासले तर लगेच दिसतं. ते दंतवैद्याच्या कागदांशी जुळले. गॅरेजचा मालक पकडला गेला. निनावी फोनही त्यानंच केला होता. एवढं सगळं झाल्यावर अधिकाऱ्यानं मला चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "या लाल खुणेबद्दल तो तेव्हा काही बोलला होता का?"

होय म्हटलं असतं तर कबुली तिथंच कोसळली असती. माझं नाव यादीतून गेलं असतं, फुनाबोरीत बोभाटा झाला असता.

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडची पद्धत आहे, मी बघून ओळखलं."

त्यानं मान हलवली. "निर्दोष माणूस हे पहिल्याच दिवशी बोलला असता. म्हणजे तो सामील होता." कागदावर तो मालकाचा साथीदार म्हणून राहिला, आजही आहे.

वीस वर्षांच्या नोकरीत मी लाचखोर पाहिले, खोटे साक्षीदार पाहिले, त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. त्यांच्यातल्या कुणीही एवढ्या सभ्यपणे माणूस बुडवला नसेल. मी हात उचलला नाही, पैसा खाल्ला नाही. एक वाक्य गिळलं. गप्प आरोपीला आपण दोषी धरतो. त्याला गप्प कुणी केलं, हे पुन्हा कधीतरी विचारतो का?

गेल्या महिन्यात मी सगळं जपानीत लिहून त्या ठाण्याला आणि त्याच्या तिथल्या वकिलाला पाठवलं. मग कोल्हापूरला गेलो. तो वर्कशॉपमध्ये होता, हात काळे. मला बघून उठला नाही.

"मी बोललो हुतो न्हवं, साहेब?"

"बोलला होतात. पहिल्याच दिवशी."

त्यानं हातातलं फडकं पिळलं. "मालक सापडला, कुंकू सापडलं, समदं वकिलानं कळवलं. पर कागदात मी बोलल्याचं न्हाई. बायको म्हणती, एवढं एक वाक्य तुला बोलता आलं न्हाई? मलाबी वाटाय लागलेलं, बोललोच न्हाई की काय."

मी काही बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "मला नका सांगू. वर चला."

वर घर होतं. त्यानं दारातूनच बायकोला हाक मारली. ती लॅपटॉप बाजूला ठेवून उठली. मी चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो आणि पहिल्या दिवशीचं ते कुंकवाचं वाक्य तिला सांगितलं. पूर्ण, त्याच्या शब्दांत, एकही शब्द न गाळता.