तपासणीच्या दिवशी आत्याचे गुडघे

आत्याला वृद्धाश्रमात ठेवलं तेव्हापासून मला शेजाऱ्यांच्या फोनची धास्ती बसली होती. वर्तकनगरच्या दीड खोलीत आम्ही पाच माणसं, फोन शेजारच्या काकूंकडे. काकूंनी कडी वाजवली की हातातलं काम टाकून मी दाराकडे धावायचो. आत्याने पुन्हा कोणाशी तरी भांडण काढलं असणार आणि आता तिला घेऊन जा म्हणणार, एवढंच डोक्यात यायचं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. जन्मभर ठाण्याच्या बाजारात मासळी विकली. नवरा गेला, मूलबाळ नाही, कोळीवाड्यातलं घर दिरांनी बळकावलं. विठ्ठलवाडीच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली ती कितीतरी जणांच्या पाया पडून. तिथून निघाली तर आमच्या दीड खोलीशिवाय तिला दुसरी जागा नव्हती.

त्या वर्षी सरकारी तपासणीचा नवाच नियम निघाला. साहेबांबरोबर आश्रमातलं एक माणूस फिरवायचं, तिथे राहणाऱ्यांचं म्हणणं ऐकायचं. म्हाताऱ्यांनी एकमुखाने आत्याचं नाव दिलं, कारण ती कोणाच्या बापाला भीत नसे. लगेच काकूंकडे व्यवस्थापकांचा फोन. "तुमच्या आत्यांना जरा समजावा. तुम्हीही या त्या दिवशी," इतकंच म्हणाले. आवाज गोड होता, म्हणून मी जास्तच घाबरलो.

तपासणीच्या सकाळी मी तिला व्हरांड्यात गाठलं.

"आत्या, हात जोडतो, आज तोंड उघडू नकोस."

"नाय उघडत," ती म्हणाली. इतक्या लगेच तिने आजवर माझं काही ऐकलेलं नव्हतं.

दोन साहेब आले. दुपारी सगळ्यांना पुरी-भाजी आणि शिरा. आत्या गप्प जेवली. मग फेरी सुरू झाली आणि तिचे गुडघे दुखायला लागले. डोक्यावर पाटी घेऊन उभा जन्म चाललेली बाई, दर चार पावलांना भिंतीला टेकू लागली. खोली दाखवली की खाटेवर बसायची, न्हाणीघर दाखवलं की उंबऱ्यावर. नळ, देवघर, मागची तुळससुद्धा तिने दाखवली आणि सगळ्याचं कौतुक केलं. साहेब घड्याळ बघत होते, व्यवस्थापक तिला हाताला धरून ओढायच्या बेतात होते, आणि मला काहीच कळेना. ही बाई भांडते तेव्हा मला एवढी धडकी भरत नाही.

संध्याकाळच्या जेवणाची घंटा झाली तेव्हा आम्ही नेमके जेवणाच्या खोलीपाशी होतो.

"साहेब, गाडी लावलीय," व्यवस्थापक घाईने म्हणाले.

आत्या वाटेत उभी राहिली. "आमच्यात पावण्याला उपाशी धाडत नाय. बसा, सायेब."

म्हातारीचा आग्रह म्हणून साहेब हसत पंगतीला बसले. शिरा दुपारीच संपला होता. ताटात पडलं ते रोजचं: आंबूस वासाचा भात आणि तळ दिसणारं वरण. थोरल्या साहेबांनी एक घास घेतला आणि शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून भराभरा जेवत होता. आत्याने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. वाढप्याला फक्त म्हणाली, "सायेबांना अजून वाढ रे."

गाडी फाटकाबाहेर गेली तसे व्यवस्थापक माझ्याजवळ आले. "आत्यांना थोडे दिवस घरी न्या. हवापालट होईल."

वर्षभर ज्या वाक्याची भीती होती तेच ते. बायकोला काय सांगू, हिला निजवू कुठे, पोरांचा अभ्यास कुठे होणार, सगळं एकदम डोक्यात सुरू झालं. रागही आला तिचा, खोटं कशाला बोलू.

तिचे कपडे गोळा करायला मी खोलीत गेलो. खाटेवर गाठोडं ठेवलेलं होतं, गच्च बांधलेलं.

"उजाडताच बांधून ठेवलं तिनं," बाजूच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली.

म्हणजे मी हात जोडले त्याच्याही आधी.

गाठोडं उचलून मी बाहेर आलो. आत्या फाटक ओलांडून केव्हाच स्टेशनच्या रस्त्याला लागली होती. झपाझप चालत होती, आणि मला तिला गाठता येत नव्हतं.