आप्पांच्या जागी राणी म्हस

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललो न्हाय. बायकोजवळ न्हाय, अंबाबाईपुढं हात जोडून न्हाय, चार दोस्त बसल्यावर जीभ सैल सुटते तेव्हा तर अजिबात न्हाय. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठावं न्हाय. तुम्ही मधेच "असू दे की" म्हणणार न्हाईसा, एवढं मात्र बरं हाय.

कोल्हापुरात येणंजाणं असेल तर माझ्या जाहिराती तुम्ही बघितल्याच असणार. मटणाच्या खानावळीची आठवतीय? भला मोठा बोर्ड, मधोमध हार घातलेला बोकड, वर "भावपूर्ण श्रद्धांजली" आणि खाली "शोकाकुल — तांबडा, पांढरा आणि समस्त सुकं परिवार". किंवा चष्म्याच्या दुकानाची? सगळा बोर्ड धुरकट, एक अक्षर लागत न्हाय, आणि कोपऱ्यात ठसठशीत — "दिसलं न्हाय न्हवं? मग आत या." माणसं गाड्या थांबवून डोळं चोळायची! मी समोरच्या पानपट्टीवर उभा राहून बघायचो. अनोळखी माणूस आपल्या बोर्डापुढं एकटाच खदाखदा हसतोय — आईशप्पत, त्या सुखाला तोड न्हाय. अजूनही न्हाय. त्यातलं काही खोटं न्हाय.

खोटं हाय ते माझ्या पहिल्या गाजलेल्या बोर्डात.

बारा वर्षं झाली. शिवाजी पेठेत माझं बोर्ड छापायचं दुकान नवंनवं होतं, आणि कॉम्प्युटरवर सुवर्णा. कबनूरची. रोज एसटीनं यायची, पोरगी दुसरीत होती तिची. काय हात होता बाईचा! आमच्याकडं वाढदिवसाचा बोर्ड म्हणजे खेळ न्हाय. खाली चाळीस-चाळीस शुभेच्छुक, सगळ्यांची डोकी सारखी पायजेत. एकाचं सुपारीएवढं जरी मोठं झालं तर पेठेत भांडणं लागत्यात. सुवर्णाच्या हातनं तसं एकदाही झालं न्हाय. मी तिला कधी बोललो का तसं? न्हाय बोललो.

त्या दिवशी दोन कामं होती. एक आप्पांच्या वाढदिवसाचं — आप्पा म्हणजे पेठेतले पुढारी, शब्द टाकला की पन्नास पोरं उभी राहायची. दुसरं बाळूअण्णाच्या दूधकट्ट्याचं — तिथं समोर धार काढून गिऱ्हाइकाला ताज्या दुधाचा पेला देत्यात. अण्णानं आपल्या राणी म्हशीचा पाडव्याचा फोटो दिलता — शिंगं रंगवलेली, डोक्यावर मोरपीस, गळ्यात कवड्यांची माळ. सुवर्णानं दोन्ही बोर्ड तयार केले, मला दाखवले आणि एसटी गाठायला गेली.

ती गेली आणि आप्पांच्या माणसाचा फोन. फोटो बदला, गॉगलवाला टाका.

आता तुम्हीच सांगा, पेठेची फुटबॉलची मॅच, शेवटची वीस मिनिटं, आणि मी दुकानात. माझा जीव ग्राउंडावर! पटकन बसलो, फोटो बदलला, मशीन सुरू केली आणि पळालो. काय बदललं ते बघितलंसुद्धा न्हाय.

सकाळी चौकात वीस फुटी बोर्ड. "गोरगरिबांची माउली, पेठेची शान, आमचे प्रेरणास्थान यांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा" — आणि मधे राणी. कवड्यांच्या माळेसकट! खाली चाळीस माणसं तिला हात जोडून उभी. लावणाऱ्यांना मागनं विचारलं तर म्हणाले, आम्हाला वाटलं आप्पांचीच हौस.

दहा-बारा जण दुकानात घुसले. एकानं खुर्ची उचललीच. आणि मी बोट केलं. सुवर्णाकडं. हिनं केलं, म्हणालो. नुसतं एवढ्यावर थांबलो असतो तरी... न्हाय थांबलो. त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात तिच्यावर ओरडलो. ती एकच वाक्य बोलली, "मालक, मी गेले तवा तिथं आप्पाच होते." मी म्हणालो, उलट बोलू नगंस, उद्यापासनं येऊ नगंस. तिनं डबा उचलला आणि गेली.

दोन दिवसांत काय झालं म्हणता? गाव येडं झालं की! बोर्डापुढं फोटो काढायला रांग. बाळूअण्णाच्या कट्ट्यावर "ही तीच म्हस का?" म्हणत माणसं पेलं घेऊन उभी. आणि आप्पा — माणूस लई हुशार — सरळ कट्ट्यावर गेले, राणीच्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "माझ्यापरीस हिलाच शोभतंय." झालं! पेठेनं त्यांना डोक्यावर घेतलं. तिथनं ते माझ्या दुकानात आले. कुणाचं डोकं हे, विचारलं.

माझं, म्हणालो. मुद्दाम केलं आप्पा, लोकं हसली की लोकं बघत्यात.

किती सहज आलं ते तोंडात! आप्पांनी पाठीवर थाप मारली, आणि मी त्या थापेवर बारा वर्षं जगलो.

तेव्हा तरी सुवर्णाला परत बोलवायचं की न्हाय? फोन करायला काय जात होतं? पण ती आली असती तर खरं काय ते दुकानात रोज समोर बसलं असतं. आणि अजून एक राहिलं — हेच सांगायला इतका फिरतोय. त्याच दुपारी इचलकरंजीच्या एका प्रेसवाल्याचा फोन आला. सुवर्णा त्याच्याकडं काम मागायला गेलती. कशी हाय बाई, त्यानं विचारलं. मी म्हणालो, हात बरा हाय, पण लक्ष नसतं, म्हशीच्या बोर्डाचा घोळ तिनंच घातला. सकाळी आप्पांना सांगितलं मी केला, दुपारी ह्याला सांगितलं तिनं केला. त्यानं तिला घेतलं न्हाय. कुणीच घेतलं न्हाय. ती कबनूरला यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरायला लागली, असं कानावर आलं. मी ऐकून घेतलं आणि पुढचा बोर्ड केला.

गेल्या महिन्यात व्यापाऱ्यांनी माझा सत्कार केला. फेटा, शाल, हॉल खच्चून भरलेला. मी माईकवर राणीची गोष्ट सांगितली, अगदी रंगवून. "तो फोटो मी माझ्या हातानं लावला!" म्हणालो आणि टाळ्या थांबेनात. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

खाली उतरलो तर समोर सुवर्णा. केस पिकलेले. बरोबर नवरा आणि कॉलेजातली पोरगी. सत्काराचे बोर्ड वाचून आली असणार. माझ्याकडं तिनं बघितलंही न्हाय. नवऱ्याकडं वळली आणि चारचौघांत, खणखणीत आवाजात म्हणाली, "ऐकलंसा न्हवं? त्यांच्याच तोंडानं ऐकलंसा? बारा वर्षं घरात सांगतेय मी, माझी चूक न्हवती म्हणून!"

नवऱ्यानं मान खाली घातली. पोरगीनं आईला मिठी मारली, तिथंच, सगळ्यांसमोर. सुवर्णा हसत होती. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि हसत होती. मग तिघं निघाली, आणि ती पुढं चालत होती. त्या हॉलमधी त्या दिवशी जिंकून कोण गेलं असेल तर ती गेली. मी फेटा घालून उभा होतो.

पण तिला अर्धंच मिळालं. "मुद्दाम लावला" हे अजून माझ्याच नावावर हाय, आणि ते खोटं हाय. मॅचच्या घाईत मी चुकलो. भ्यालो म्हणून चूक तिच्या अंगावर घातली, गाजली म्हणून परत घेतली, आणि तिच्या पोटावर दोनदा पाय दिला.

सुवर्णानं फोटो बरोबर लावलता.