कुपीच्या मानेखालचा खड्डा

मित्रांनो, आज माझं मशीन हातातून जाता जाता राहिलं.

उल्हासनगरात अत्तराच्या पितळी कुप्या बनवतात, तिथे मी प्रेसवर आहे. कुपीला तेल लावून ती साच्यात दाबली की तिची मान बारीक होते. मागच्या आठवड्यात तेल कमी पडलं आणि एक कुपी साच्यात अडकली. तेव्हापासून मी धास्तावलोय. म्हणून आज प्रत्येक कुपी तेलात बुडवूनच दाबली.

दुपारी शेठने माल पाहिला. प्रत्येक कुपीला मानेखाली देवीच्या व्रणासारखा खड्डा. तो ओरडला, "ये चेचक किसने निकाली? कल से तू पॅकिंग में बैठ."

तेवढ्यात बदलापूरचे काका आले. ते आमच्याकडे माल तपासतात. निवृत्तीआधी त्यांनी आयुष्यभर काडतुसांच्या पितळी नळ्या दाबल्या आहेत.

"अरे, वडे तळतोयस का?"

त्यांनी एक कुपी पुसली, दोन बोटांनी तेलाचा पुसट हात फिरवला आणि दाबली. स्वच्छ निघाली.

"जादा तेलाला साच्यात जायला जागा नसते. तेल दबत नाही, मग पितळ दबतं."

नंतर शेठला म्हणाले, "पोरगा कामचुकार नाही, घाबरट आहे. घाबरट शिकतो. राहू दे मशीनवर."

शेठ हातातली कुपी माझ्या मशीनवर ठेवून गेला. संध्याकाळपर्यंत माझ्या एकाही कुपीला खड्डा पडला नाही. निघताना काकांचे आभार मानायला गेलो, तर म्हणाले, "आधी हात धू."

तुमच्या चुकीमागची भीती अशी कुणी ओळखली होती का?