आत्याचा हललेला फोटो

ब्लूज सुरू झाला की आत्या चपला काढायची. लग्नात, बँकेच्या समारंभात ती इतरांसारखी खुर्चीवर बसायची. पण मंचावर कुणी गिटार जुळवायला घेतली की ही सुती साडीचा पदर कमरेला खोचून, अनवाणी, मंचाच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी. डोळ्याला कॅमेरा. आजूबाजूला जीन्समधली मुलं आणि त्यांच्यात ही पाच फुटांची मराठी बाई. चपला का काढतेस, असं मी लहानपणी विचारलं होतं. "लाकडी फळ्यांवर पावलं वाजतात गं. गाणाऱ्याला आपण तिथे आहोत हे कळता कामा नये."

आम्ही मूळचे साताऱ्याचे. आजोबा हवाई दलात होते, शेवटची बदली लखनौला झाली आणि आम्ही इथलेच झालो. त्यांच्या क्वार्टरशेजारी एका अधिकाऱ्याकडे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या कॅसेटी होत्या. भिंतीपलीकडून त्यांचं ते गाणं, म्हणजे ब्लूज, आत्याने शाळेत असताना ऐकलं. शब्द कळत नव्हते. कळलं ते एवढंच, की हे लोक एक ओळ म्हणतात आणि तीच पुन्हा म्हणतात. "पहिल्यांदा म्हणतात ती आपल्यासाठी," ती सांगायची, "दुसऱ्यांदा स्वतःसाठी. मला फोटो काढायचा असतो तो दुसऱ्या वेळचा."

विकास नगरातल्या तिच्या घरी सकाळी पोह्यांच्या फोडणीबरोबर हेच सुरू असायचं. शेजारचे मिश्राजी एकदा गॅलरीतून म्हणाले, "बहनजी, ठुमरी के शहर में रहकर आप ये क्या सुनती हैं?" आत्या कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाईसाहब, दुख वही है, बस बाजा दूसरा है।" त्यानंतर एखाद्या सकाळी आवाज आला नाही, तर मिश्राजी तब्येत विचारायला यायचे.

बँकेतली तिची रजा सगळी यातच जायची. कोलकाता, दिल्ली, मुंबई आणि सगळ्यात जास्त वेळा शिलाँग. तिथे घराघरात गिटार आहे आणि ब्लूज म्हणणारी माणसं आहेत, हे आमच्या घराला तिच्यामुळेच कळलं. परत आली की न्हाणीघराच्या काचेला काळा कागद लावून फोटो धुवायची. प्रत्येक गायकाला त्याचा एक तरी फोटो पोस्टाने जायचाच, चांगला आलेला असो की नसो. "चेहरा त्याचा आहे. आपण फक्त उचलून आणलाय."

शिलाँगलाच तिला दारिशा भेटली. तेव्हा ती कॉलेजातली पोर होती आणि माईक दोन्ही हातांनी घट्ट धरून गायची. आत्याने तिचे फोटो काढले आणि पुढे काढतच राहिली. लग्नानंतरची दारिशा, आई गेल्यानंतर वर्षभराने पहिल्यांदा मंचावर उभी राहिलेली दारिशा, केस पांढरे झालेली दारिशा. दोघींमध्ये भाषा मोडक्या हिंदीची. ती आत्याला 'दीदी' म्हणायची.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी आत्याचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग सही बिघडली. बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. कंपवात निघाला. घरी आल्यावर आत्याने आपला डिजिटल कॅमेरा पुसला, पिशवीत घातला आणि पिशवी कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली. मी सवयीच्या हिंदीत म्हटलं, "बुआ, ट्राइपॉड ले लो ना." "तिपाई लग्नाच्या फोटोला," ती म्हणाली. "गाणारं माणूस एका जागी राहतं का? आणि हललेला फोटो म्हणजे खोटी साक्ष." त्या वर्षी सकाळचं गाणंही बंद झालं.

मग दारिशाचा लखनौत पहिल्यांदाच कार्यक्रम ठरला. तिचा फोन आला, "दीदी, आप आएँगी ना?" आत्या म्हणाली, "सुनने आऊँगी." निघताना मात्र मला म्हणाली, "कॅमेरा घे. तू काढ."

मी काढले. आत्या पहिल्या रांगेत बसून होती, हात मांडीखाली दाबून. अर्धा कार्यक्रम झाला असेल, दारिशाने एक संथ गाणं धरलं आणि आत्या उठली. चपला खुर्चीखाली ठेवून माझ्याजवळ आली आणि तिने हात पुढे केला. मी कॅमेरा दिला आणि तिचं कोपर धरायला गेले. "सोड. तूही हललीस तर फोटो दुप्पट हलेल." ती गाणं संपेपर्यंत उभी होती.

घरी कॉम्प्युटरवर बघितलं तर एकही फोटो स्थिर नव्हता. दारिशाचा चेहरा दोन-दोन, तीन-तीन जागी सरकलेला, मंचावरच्या पिवळ्या दिव्याच्या लांब रेघा झालेल्या. "पुसून टाक," आत्या म्हणाली. मी म्हटलं, "भेजना तो पड़ेगा. नियम आपका है." मग त्यातला एक तिनेच निवडला आणि मला पाठवायला लावला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आत्याने तो स्पीकरवर टाकला, कारण कानाशी धरणं तिला जमत नव्हतं. दारिशा म्हणाली, "दीदी, इतने साल आपने मेरा चेहरा खींचा। कल पहली बार मेरी आवाज़ खींची है।" तिच्या नव्या अल्बमवर तिला तोच फोटो हवा होता. आत्याने फोन ठेवला, चष्मा काढून पदराने पुसला आणि जरा घुश्शातच मला म्हणाली, "फोकस बरोबर होता हं. नीट बघ. हललाय तो हात."

कपाटातली पिशवी खाली आली ती पुन्हा वर गेली नाही. पुढची तीन वर्षं आत्या हललेले फोटो काढत होती, औषधाची वेळ सांभाळून, कधी ती मुद्दाम टाळून. कैसरबागेतल्या एका दालनात त्यांचं प्रदर्शन लागलं. दाढीवाला एक तरुण छायाचित्रकार प्रत्येक फोटोपुढे थांबत-थांबत आला आणि अदबीने विचारू लागला, "मैडम, ये कौन-सी टेक्नीक है?" आत्याने उजवा हात वर केला आणि त्याच्यासमोर तसाच थरथरू दिला. "ये वाली," ती म्हणाली. आधी ती हसली, मग तो. मी तिच्या मागे उभी होते. इतकी ताठ मी माझ्या पदवीदानालाही उभी राहिले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर बाबा जेवणाच्या टेबलावर बसून हिंदीत लिहीत होते. नावापुढे त्यांनी 'सेवानिवृत्त बैंक अधिकारी' असं लिहिलं, मग पेन तसंच धरून बसले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच ती ओळ खोडली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'फ़ोटोग्राफ़र'.