पुण्याच्या गोळ्या

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्याला तर नाहीच. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

इथे सिंगापूरला, पुंगोलमध्ये आमच्या घराजवळच्या फार्मसीत सरकारी खर्चाने औषधांची तपासणी करून देतात. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्यायची, फार्मासिस्ट एकेक बघते. सासूबाईंना – मी त्यांना आईच म्हणते – काही महिने चक्कर येत होती. त्यातच बाथरूममध्ये पडल्या, मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर मी त्यांना तिथे नेलं. हौसेने नेलं, खोटं कशाला बोलू? त्यांचा गोळ्यांचा डबा मीच भरते, आणि त्याचं कौतुक झालेलं मला आवडतं.

पिशवीत सगळं होतं – पुण्याच्या गोळ्या सोडून. दर दिवाळीला आई तिथल्या जुन्या डॉक्टरांकडून वर्षभराच्या आणतात. इथल्या डॉक्टरांवर त्यांचा अर्धाच भरवसा. परक्या बाईसमोर कशाला शोभा, म्हणून मी त्या घरीच ठेवल्या.

फार्मासिस्टने ब्लड प्रेशरची पट्टी उचलून औषधाचं नाव वाचलं. अम्लोडिपिन. पुण्याच्या खोक्यावर मोठं नाव वेगळं होतं, पण खाली बारीक अक्षरात – हेच. म्हणजे मी रोज एकच औषध दोनदा देत होते? म्हणजे ती चक्कर – ते मनगट –

“इंडियाचं काही घेतात का?” तिने इंग्रजीत विचारलं. मी मान हलवली. नाही.

आईंना इंग्रजी कामापुरतंच येतं, पण ‘इंडिया’ कळलं. “अगं, पुण्याच्या गोळ्यांचं सांग की तिला.”

मी सांगितलं का? मी फार्मासिस्टला इंग्रजीत विचारलं, गोळीनंतर चहा चालतो का, असं या विचारतायत.

“कॅन, कॅन,” ती हसून म्हणाली.

“चालतं म्हणाली,” मी आईंना सांगितलं.

घाबरले होते. घरात कळेल – एवढंच डोक्यात होतं, आईंची तब्येत नव्हती.

घरी येऊन ती खोकी मी गुपचूप कचऱ्यात टाकली. डब्यात त्या जागी व्हिटॅमिनची गोळी ठेवायला लागले. चक्कर थांबली. आई सगळ्यांना सांगतात, सुनेने नेलं म्हणून बरी झाले. आता दिवाळी जवळ येतेय, त्या पुन्हा त्या डॉक्टरांकडे जातील, आणि मला झोप लागत नाही.

मनगट अजून नीट वळत नाही. काल पोळी करताना त्यांच्या हातातून लाटणं सुटलं.

“वय झालं गं माझं,” त्या म्हणाल्या.

मी लाटणं उचलून दिलं. म्हटलं, “हो, आई.”